सरळ रस्त्याचा कॅम

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी शेणात पाय घातला नव्हता. पणजोबा कचेरीत, आजोबा कचेरीत, वडील यवतमाळच्या कोर्टात. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा रडतखडत सुटलो आणि पशुवैद्यक खात्यात जनावरांना लस टोचायच्या नोकरीला लागलो. हुद्द्याचं इंग्रजी नाव कागदावर बरं दिसायचं. खेड्यात मात्र मला सगळे सरळ ढोरडॉक्टर म्हणत. आई शेजारणींना "तो दौऱ्यावर असतो" एवढंच सांगे, कशाच्या दौऱ्यावर ते सांगत नसे. वडील तिच्या वरताण. घरी वकील मंडळी आली की ते मला आतून काहीतरी आणायला पाठवत, आणि मंडळी उठेपर्यंत ती वस्तू मला सापडू नये अशी त्यांची अपेक्षा असे. मला ती कधीच सापडली नाही.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. दवाखान्यावरची पाटी बदलली, शिक्के बदलले, बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं. लशीसाठी लागणारा बर्फ पूर्वीसारखाच अमरावतीहून सर्व्हिस मोटारीनं, पोत्यात भुसा घालून यायचा आणि पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. त्याच सुमारास मामाची मोटारसायकल माझ्याकडे आली. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची विलायती गाडी. मामाच्या गुडघ्याला तिची किक झेपेना. माझ्या बरोबरीचे बाकीचे लोक सायकलवर नाहीतर बैलगाडीत हिंडत, मी फटफटीवर. ढोरडॉक्टर खरा, पण फटफटीवरचा. हा फरक लोकांना दिसत होता की नाही कुणास ठाऊक, मला मात्र रोज आरशात दिसायचा.

दोन वर्षांत गाडी मंदावली. चढावर दम टाकायला लागली, वरून टकटक आवाज यायला लागला. मी ती जिनिंग फॅक्टरीतल्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री बंजारा समाजाचे. आर्णीच्या पुढे महागावच्या वाटेवर त्यांचा तांडा होता. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखात हिंडलेले. वडिलांच्या काळात तांडा एका जागी बसला आणि वावरं कसायला लागला. मिस्त्री मात्र पोरवयात जिनिंगमध्ये तेल घालायला लागले आणि चाळिशीला तिथले मुख्य फिटर झाले होते. भाऊ आणि म्हातारी आई तांड्यावरच. दिवाळीपासून होळीपर्यंत फॅक्टरी चालायची तेव्हा मिस्त्रींना मान वर करायला सवड नसे. एकदा कापूस सरला की लेथ, भट्टी, कानशी सगळं रिकामं पडायचं, आणि गावातली पंप, शिवणयंत्रं, बंदुका अशी घरची कामं ते तिथे करून द्यायचे. अक्षर एक वाचता येत नव्हतं. पण इंजिनाला कान लावून आत काय बिनसलंय ते सांगायचे, आणि सांगितलेलं खोटं निघाल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी इंजिन उघडलं आणि आतला कॅम माझ्या हातावर ठेवला. ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोटभर जाडीचा पोलादी दांडा, त्याच्यावर अंड्याच्या टोकासारखे दोन उंचवटे. दांडा फिरला की हे उंचवटे व्हॉल्व उचलतात. एक व्हॉल्व पेट्रोलची वाफ आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. उंचवटा किती उंच आणि किती रुंद, यावर इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो. माझ्या गाडीचे उंचवटे झिजून बोथट झाले होते.

नवा कॅम मिळायची सोय नव्हती. विलायतेतून सुटे भाग येणं बंद झालेलं. मिस्त्री म्हणाले, "मी घासून देतो." त्यांच्याकडे जिनिंग यंत्राच्या मोडक्या शाफ्टाचा एकच चांगला तुकडा उरला होता. त्यातून एकच कॅम होणार होता. म्हणजे कसा करायचा ते एकदाच ठरवायचं.

इथे माझं ज्ञान आडवं आलं. नागपूरच्या एका रद्दीवाल्याकडून मी मोटारसायकलींवरचं इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात शर्यतीच्या गाड्यांच्या कॅमचं कोष्टक होतं. व्हॉल्व किती उंच उचलायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, सगळं अंशांमध्ये छापलेलं. उंचवटा जितका उंच आणि रुंद, तितकी सुसाट गाडी. मी ते पान पाठ केलं होतं. मॅट्रिकच्या भूगोलाचं एखादं पान तसं पाठ केलं असतं तर ढोरं टोचायची वेळ आली नसती.

मिस्त्रींनी वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून तीन साचे केले. एक जुन्या कॅमसारखा, एक त्याच्याहून जरा भरीव, आणि तिसरा मी वाचून दाखवलेल्या आकड्यांप्रमाणे शर्यतीचा. तिन्ही बाकावर ओळीनं ठेवले आणि मला विचारलं,

"डॉक्टर, गाडी कुठं चालवाची हाये तुमाले?"

"कुठं म्हणजे? दौऱ्यावर."

"मंग हा तिसरा कायले? याच्यानं व्हॉल्व लई येळ उघडा राह्यते. पयताना बरं. हळू चालताना आत घेतलेलं वापस बाहेर जाईन. वढनार नाई गाडी. तापली का किकही घेनार नाई."

मी म्हटलं, "मिस्त्री, पुस्तकात लिहिलंय."

ते हसले नाहीत. त्यांनी आपल्या आजोबांची एक गोष्ट सांगितली. लदणीसाठी बैल घ्यायचा असला की आजोबा तो बाजारात पळवून कधी बघत नसत. दोन्ही बाजूंनी गोण्या लादायच्या, नदीच्या वाळूत न्यायचं आणि सावकाश चालवायचं. वाळूत पाय उचलून पुढे टाकला तर घ्यायचा. "रिकाम्या बळदाची चाल पाहू नये," असं त्यांचं म्हणणं. बळद म्हणजे त्यांच्या बोलीत बैल. "तुमी लस घेऊन जाता. तुमचं वझं कमी दिसते, पन लई जड हाये. मधला साचा घ्या."

मी म्हटलं, "बैल वेगळा, इंजिन वेगळं." आणि ते मासिक त्यांच्यासमोर धरून त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता न येणाऱ्या माणसासमोर इंग्रजी ओळीवर बोट ठेवणं हा काय प्रकार असतो, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच ठेवलं. त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग साच्यांकडे.

"तुमची गाडी, तुमचा कॅम," ते म्हणाले आणि पहिले दोन साचे बाजूला सारले.

आठ दिवस ते घासत होते. लेथवर गोलाई काढली, बाकी सगळं कानशीनं. दर दहा-बारा हातांनंतर साचा लावून उजेडाकडे धरायचे. फट दिसली की पुन्हा कानस. मग शिंगं आणि चामड्याचे तुकडे जाळून केलेला कोळसा लोखंडी डबीत भरून त्यात कॅम पुरला, डबी मातीनं लिंपली आणि भट्टीत लाल करून तेलात टाकला. पृष्ठभाग इतका कठीण झाला की कानस नुसती घसरायची. मनाविरुद्धचं काम माणूस जरा हातचं राखून करतो. त्या कॅममध्ये केसाएवढीही कसर नव्हती, हे मला आज सांगितलंच पाहिजे.

गाडी जोडून झाली तेव्हा मी ती लोहाऱ्याच्या रस्त्यावर काढली. लोहारा तेव्हा गावाबाहेरचं साधं खेडं, आणि तिकडे जाणारा रस्ता सरळसोट. गाडीनं निम्मा वेग गाठेपर्यंत काहीच झालं नाही, आणि मग जे झालं त्याला मी अजूनही सुखच म्हणेन. खोटं कशाला बोलू? डोळ्यांतून पाणी येत होतं. परत येताना मुद्दाम कोर्टावरून आलो. वडील दोन वकिलांबरोबर फाटकात उभे होते. आवाज ऐकून तिघांनी वळून पाहिलं. वडिलांनी हात वर केला आणि वकिलांना काहीतरी म्हणाले. संध्याकाळी आईकडून कळलं, ते म्हणाले होते, "तो आमचा धाकटा." एवढ्या तीन शब्दांसाठी मी तो कॅम घासून घेतला होता असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मागे बसले. म्हणाले, "त्या बैलगाडीच्या मागं मागं चालवा." मी चालवली. गाडीनं दोन हिसके दिले, खोकली आणि बंद पडली. पाच-सहा किका मारल्यावर सुरू झाली.

"हे?" मिस्त्रींनी विचारलं.

"हे मी सांभाळून घेईन."

वैशाखात बुळकांडी आली. गुरांचा हा रोग आता राहिला नाही, नव्या लोकांना नावही माहीत नसेल. डोळ्यांतून धारा, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्यात जनावर आडवं. गावच्या गाव रिकामं व्हायचं. महागावच्या बाजूला दोन गावांत ढोरं पडल्याची खबर आली तशी मिस्त्रींच्या तांड्यानं आपला जुना बंदोबस्त केला. या लोकांनी पिढ्यान्पिढ्या बैलांच्या जिवावर पोट भरलेलं. रोग आला की काय करायचं ते त्यांना आमच्या खात्याच्या आधीपासून माहीत होतं. तांड्याच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. सगळी ढोरं दूरच्या नाल्यात नेऊन ठेवली. बाजार बंद, परक्या ढोराला पाणी नाही, पाहुण्याला शिवेवरूनच रामराम. रोग आजूबाजूनं निघून जाईपर्यंत असंच बसायचं.

मिस्त्री माझ्याकडे आले. तांड्याच्या नायकानं, म्हणजे प्रमुखानं, निरोप दिला होता की लस टोचून द्या. एकशे चाळीस ढोरं होती. आधी तांडा सुईला तयार नव्हता, मिस्त्रींनीच भांडून त्यांना तयार केलं होतं.

"डॉक्टर, मोटारनं आर्णीले या," ते म्हणाले. "माहा भाऊ आर्णीतलाच छकडा घेऊन उभा राहीन. सावलीत, कडब्यात ठेवून शिवेपर्यंत नेईन तुमचा बर्फ."

"छकडा?" मी हसलो. "तुमचा भाऊ बैल जुंपेपर्यंत मी तांड्यावर पोचलेला असेन."

"मधात नदी हाये. वाळू हाये."

"मिस्त्री, तुमचाच कॅम आहे ना आत?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

बर्फ यायला उशीर झाला. थर्मासमध्ये लशीच्या कुप्या ठेवल्या, वर बर्फ भरला, थर्मास कॅरिअरला बांधला आणि निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते. आर्णीपर्यंत अशी गाडी मारली की एसटी मागे पडली. आर्णीच्या फाट्यावर मिस्त्रींचा भाऊ छकडा सोडून लिंबाखाली बसला होता. त्याला घरून सांगितलं असावं की काही झालं तरी थांब. मी न थांबता हात हलवला आणि त्याच्या अंगावर धूळ उडवून पुढे गेलो.

नदीच्या पात्रात थेंब नव्हता. पलीकडच्या काठापर्यंत नुसती वाळू. तिथे सावकाश, ताकदीनं ओढणारी गाडी हवी होती. माझी गाडी सावकाश केली की मरायची, आणि वेग दिला की चाक जागेवर फिरून वाळूत गाडलं जायचं. मधोमध पोचलो आणि ती रुतून बंद पडली. मग किक. दहा, वीस, चाळीस. एक किक उलटी बसली आणि नडगी फुटली. वाळूला शिव्या दिल्या, पेट्रोलला दिल्या, सरकारला दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं. ऊन असं होतं की टाकीला हात लागत नव्हता. इंजिन तापून आतलं पेट्रोल उकळत असावं. बाटलीतलं पाणी मी आधीच पिऊन संपवलं होतं.

तासाभरानं मला एक उपाय आठवला, तोही त्याच मासिकातला. कार्ब्युरेटरवर ओलं फडकं ठेवून तो गार करायचा. फडकं होतं, पाणी नव्हतं. थर्मास होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी थर्मास उघडला, मूठभर बर्फ काढला, रुमालात बांधून इंजिनावर ठेवला. वितळला तसा पुन्हा काढला. तिसऱ्या खेपेला थर्मासमध्ये कुप्या नुसत्या पाण्यात तरंगत होत्या. आणि गाडी सुरू झाली. मला आनंद झाला. त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला होता.

उतरून, ढकलत ढकलत वाळू पार केली आणि तांड्यावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. थर्मासमधलं पाणी अंघोळीला घेण्याइतकं कोमट होतं. ती लस गार नसली की मरते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. सकाळपासून सगळी ढोरं नाल्यातून आणून दाव्यांना बांधून ठेवली होती. बाया हंडे घेऊन उभ्या, गडी शिंगं धरायला तयार. नायक पुढे आला आणि माझी फुटलेली नडगी बघून म्हणाला, "आमच्यासाठी लई तरास घेतला तुमी." मिस्त्रींच्या आईनं माझ्या पायावर हळद दाबली.

"लस बिघडली, आठ दिवसांनी नवी घेऊन येतो," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मग त्यांनी विचारलं असतं, कशी बिघडली? मी कुप्या फोडल्या, मिठाच्या पाण्यात लस कालवली आणि एकशे चाळीस ढोरांना टोचली. शेवटी नायकाला म्हणालो, "आठ दिवस थांबा. मग वाटेवरचे काटे काढा अन् ढोरं खुशाल मोकळी करा. आता भिऊ नका."

त्यांनी मला जेवायला घातलं. मी जेवलो.

चौथ्या दिवशी मिस्त्री दवाखान्यात आले, खुशीत होते. तांड्यावरून आईचा निरोप आला होता. "माय म्हने, डॉक्टरचा हात लई हलका हाये. दुसऱ्या गावात टोचलं तं ढोरायले ताप आला, दोन दिवस चारा नाई खाल्ला. आमच्या एकाही ढोराले काई झालं नाई."

ती लस लागू पडली की जनावराला थोडा ताप येतो. ताप हीच तिची खूण. एकशे चाळीसमध्ये एकालाही ताप नाही याचा अर्थ एकच होता. अजून चार दिवस होते. वाटेवर काटे होते, ढोरं नाल्यात होती. दवाखान्याच्या बर्फपेटीत नव्या कुप्या होत्या, सकाळच्या मोटारीनं बर्फ येणार होता, आर्णीला छकडा उभा राहिला असता. एक फेरी. फक्त एक फेरी, आणि एक वाक्य.

"छान झालं," मी म्हणालो.

मिस्त्रींनी दारातल्या फटफटीकडे पाहिलं. "गाडी वाळूत बंद पडली होती म्हने," ते म्हणाले. "भाऊ सांजीले त्या वाटेनं घरी गेला, सांगत होता, चाकानं खड्डा पाडला हाये नदीत."

"पडली होती थोडा वेळ."

"बर्फ?"

"होता."

नवव्या दिवशी तांड्यानं काटे काढले. सुईवर विश्वास ठेवून ढोरं गावच्या पाणवठ्यावर गेली, दोन जोड्या आर्णीच्या बाजारात जाऊन आल्या. त्यांच्या आजाच्या, पणजाच्या बंदोबस्तानं त्यांना आजवर वाचवलं होतं. तो त्यांनी माझ्या शब्दावर मोडला. महिन्याभरात निम्म्याहून जास्त ढोरं गेली. मृग तोंडावर आला होता आणि वखराला जुंपायला बैल नव्हते. मी एकदा जाऊन पाहिलं. नाल्यापर्यंत जाववलं नाही, वासानंच परत फिरलो.

तांड्याची पंचायत बसली. नसाब म्हणतात तिला. मला बोलावणं आलं. आमच्या वरच्या साहेबांनी, जे उंटावरून शेळ्या हाकण्यात हयात घालवून बसले होते, मला बजावून पाठवलं की खात्याला बट्टा लागेल असं काही कबूल करू नकोस. त्याची गरज नव्हती. मी तयारीनंच गेलो होतो.

झाडाखाली पन्नास-साठ माणसं. कुणी आवाज चढवला नाही, आणि तेच सोसत नव्हतं. नायकानं एवढंच विचारलं, "डॉक्टर, लस टोचली तं ढोरं मेली काहून?"

मी सुरुवात केली. लस वरूनच खराब आली असावी, कधी कधी येते, आपल्या हातात नसतं. लोकांचे चेहरे बदलताना मला दिसत होते. मागून कोणी तरी म्हणालं, "मंग सुई खोटीच हाये. पुन्हा नाई लावू द्यायची."

तेव्हा मिस्त्री उठले. फॅक्टरीतून रजा काढून आले होते.

"लस चांगली होती," ते म्हणाले. "डॉक्टरची गाडी वाळूत बंद पडली, बर्फ सरला, लस तापली. गाडी बंद पडली ते माह्यानं. तिच्यातला कॅम मी घासला. चुकीचा घासला."

कुणीतरी विचारलं, डॉक्टरला लस तापल्याचं कळलं कसं नाही? मिस्त्री म्हणाले, "थर्मासच्या आत कोन पाहू शकते? त्याईले काय मालूम." आणि बसले.

साच्यांचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. माझ्या बोटाचं, त्या मासिकाचं, छकड्याचं, कशाचंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी स्वतः उठून पुढे आला आणि चोर त्याच्या शेजारी मांडी घालून बसला होता. नसाबनं निवाडा केला. मिस्त्रींच्या घरी वाचलेली बैलजोडी, ज्या घरी एकही ढोर उरलं नव्हतं त्या घरी द्यायची. आणि मिस्त्रींनी वर्षभर नसाबात बसायचं नाही. त्यांनी मान हलवली. मी बसून होतो. मला तोंड होतं.

निघताना ते मला वाटेपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "मिस्त्री, तुमचे उपकार..."

"तुमच्यासाठी नाई बोललो मी," त्यांनी मला तोडलं. त्यांचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. "पुढच्या साली हे लोक सुई लावू देतीन का नाई? सुईवरचा भरोसा गेला तं राह्यलेलीही मरतीन. मिस्त्रीवरचा गेला तं काय जाते? तुमी डॉक्टर हा. तुमची गरज हाये इथं." मग म्हणाले, "तुमाले कळलं होतं ना? मी चौथ्या दिवशी आलतो तवा?"

मी खाली पाहिलं. ते परत फिरले.

पावसाळ्यात मी एकदा फॅक्टरीत गेलो. ते बाकावर फॅक्टरीचंच काहीतरी घासत होते. मला म्हणाले, "घरची कामं बंद केली मी." मी उगाच इकडचं तिकडचं बोललो. त्यांची कानस थांबली नाही. मी गाडी मामाला परत नेऊन दिली आणि वडिलांना सांगितलं की फार पेट्रोल पिते. वडील पुन्हा मला आतून वस्तू आणायला पाठवायला लागले.

पुढच्या चैत्रात मी लस घेऊन त्या तांड्यावर गेलो. मोटारनं आर्णी, आर्णीहून छकडा. बर्फ शेवटपर्यंत खडखडत होता. मिस्त्रींचा हिशोब बरोबर निघाला होता. तांड्यानं एकूण एक ढोर बाहेर काढलं होतं, जी काय उरली होती ती. कुणी सुईला नाही म्हटलं नाही. मिस्त्री आले होते. एकेका जनावराची शिंगं धरून माझ्यासमोर उभं करत होते, माझ्याशी बोलत नव्हते.

त्यांच्या आईची गाय आली. म्हातारी स्वतः तिच्या मागून चालत आली. मिस्त्रींनी गाईची शिंगं धरली, म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिनं माझ्या पायांना हात लावला.

"डॉक्टर, टोचा. तुमच्या हाताले यश हाये," ती म्हणाली. "गेल्या साली माह्या पोटच्यानंच घात केला. तुमी तं जीव तोडून आलते, पाय फोडून घेतला. मी नाई इसरली. वर्ष होत आलं, मी त्याच्याशी बोलली नाई. मरेपर्यंत नाई बोलनार."

मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर होते. त्यांनी गाईच्या मानेवरून माझ्याकडे पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदाच. माणूस वाट बघतो तसं. किती वेळ ते सांगता येणार नाही. सुई भरायला लागतो तितका.

मी सुई भरली आणि म्हणालो, "घट्ट धरा, मिस्त्री."